टीएनएफ रोखावे की राखावे? उंदरांवरच्या पुराव्याचे मोल

मृण्मयी (धागाकर्ती):
माझ्या धाकट्या बहिणीला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. या विकारात शरीराचीच प्रतिकारयंत्रणा मेंदू आणि मज्जारज्जूतील चेतातंतूंवरचे मायलिनचे वेष्टन नष्ट करते. प्रतिकारपेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी जी प्रथिने सोडतात, त्यांपैकी टीएनएफ हे एक. असाच आजार मुद्दाम जडवलेल्या उंदरांत टीएनएफ रोखले की आजार सौम्य होतो, असे दिसल्यावर ते रोखणाऱ्या लेनरसेप्ट या औषधाची १६८ रुग्णांवर चाचणी झाली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार औषध मिळालेल्यांना आजाराचे झटके उलट जास्त वेळा आणि लवकर आले. उंदरातील संकेतांचा बिघाड पाहून माणसाचे औषध ठरवणे मला म्हणूनच गैर वाटते.

उपेंद्र:
मृण्मयीताई, तुमची काळजी समजते, पण निष्कर्ष पटत नाही. १९९२ मध्ये लंडनच्या संशोधकांनी सांधे सुजलेल्या उंदरांत टीएनएफ रोखले, सूज उतरली, आणि त्याच वाटेने आलेल्या औषधांमुळे आज आमवाताचे असंख्य रुग्ण स्वतःच्या हाताने सदऱ्याची बटणे लावू शकतात. शिवाय तुम्ही सांगता त्या धोक्याची सूचनाही उंदरांनीच दिली होती: टीएनएफचे जनुक काढून टाकलेल्या उंदरांत मायलिनचा आजार अधिक तीव्र होतो, हे १९९८ मध्येच प्रसिद्ध झाले. टीएनएफचा निरोप पेशींवरचे दोन वेगवेगळे ग्राही, म्हणजे निरोप टिपणारे रेणू, घेतात. पहिल्यावाटे मुख्यतः दाह भडकतो, तर दुसरा मायलिन पुन्हा घडवणाऱ्या पेशींना बळ देतो, आणि हेही २००१ मध्ये उंदरांवरच उलगडले. लेनरसेप्टने टीएनएफच अडवले, त्यामुळे दोन्ही निरोप एकदम थांबले.

मृण्मयी:
ती चाचणी आखली गेली तेव्हा यांतला धोक्याचा एकही पुरावा हाती नव्हता. आपण म्हणता ते सारे मागाहूनचे शहाणपण आहे, आणि त्याची किंमत रुग्णांनी मोजली.

सुनीती:
मी मृण्मयीच्या बाजूने आणखी एक दाखला देते. गॅमा इंटरफेरॉन हे असेच निरोप देणारे प्रथीन मल्टिपल स्क्लेरोसिसच्या १८ रुग्णांना दिले, तेव्हा सात जणांचा आजार उसळला. हे १९८७ चे. पुढे उंदरांत तेच प्रथीन नाहीसे केले, तर आजार कमी होण्याऐवजी वाढला. संकेत एकच, पण दोन जिवांत त्याची दिशा उलटी. इथे ग्राहींचा हिशेब मांडूनही उत्तर सहज सुटत नाही.

उपेंद्र:
सुनीतीताई, हा दाखला मला मान्य आहे, आणि तो अवघडही आहे. मात्र मी स्वतः अशा उंदरांसोबत काम केले आहे. रोज सकाळी एकेकाची शेपटी बोटांत धरून पाहायची. ती लुळी लागली की आजार सुरू झाला, आणि काही दिवसांत मागचे पाय फरफटू लागतात. अनेक प्रयोगांत औषध शेपटी लुळी पडण्याआधीच सुरू केलेले असते, रुग्ण मात्र लक्षणे दिसल्यावरच दवाखान्यात येतो. औषध माणसांपर्यंत नेण्याआधी ते आजार जडल्यानंतर, उंदरांच्या एकाहून अधिक वाणांत आणि दोन्ही ग्राही वेगवेगळे तपासून पाहिले पाहिजे, असा माझा आग्रह आहे.

मृण्मयी:
इतके तपासून मग कोणी चाचणीसाठी विचारले, तर मी बहिणीला निदान ते कागद वाचायला सांगेन. नुसत्या लुळ्या न पडलेल्या शेपटीवर मात्र मी तिला सही करू देणार नाही.