प्रदर्शनात पाहिलेली ही बोन्साय कोणती?

गच्चीवाली
रविवारी पुण्यात एका बोन्साय प्रदर्शनाला गेले होते. अर्ध्या तासात निघू म्हटलं होतं, अडीच तासांनी सासूबाईंनी ओढून बाहेर काढलं. स्पर्धेमुळे कुंड्यांवर नुसते नंबर, नावं नाहीत. फोटो सगळे अंधारलेत, म्हणून वर्णनच करते.

एक डोक्यातून जातच नाही. जेमतेम दीड फुटाचं, वाऱ्याने झोडपल्यासारखं एका अंगाला झुकलेलं. पानं सुईसारखी लांब, फांदीला छोट्या बोराएवढी खडबडीत फळं, आणि एक फांदी वाळून पांढरीफेक. शेजारचे काका ठामपणे "जपानी पाइन" म्हणाले. पुण्याच्या उन्हात?

दुसरं तळहातावर मावेल एवढं. काळपट हिरव्या चकचकीत पानांवर मीठ सांडल्यासारखे पांढरे ठिपके. मला आधी कीडच वाटली. बारीक पांढरी फुलं होती.

तिसरा चिकू, तो सासूबाईंनीच ओळखला. पण दीड वीत झाडाला दोन चिकू, तेही बाजारात मिळतात तेवढे! झाड लहान झालं, फळ का नाही?

रानपाखरू
दुसरं कार्मोना. काही जण फुकियन टी म्हणतात. ठिपके पानाचेच असतात. हात लावला असतात तर पान खरखरीत लागलं असतं (लावला नाहीत ते बरं केलंत).
चिकूचं म्हणाल तर छाटणीने आणि उथळ कुंडीत पानं लहान होत जातात, फूल-फळ मात्र आपल्याच मापाचं येतं. म्हणून फळझाड निवडताना मुळातच बारीक फळाची जात बघतात.

कोकणचा_जावई
काकांना नमस्कार सांगा, पण तो पाइन नाही, सुरू आहे. अलिबाग-गुहागरच्या किनाऱ्यावरचा आपला सुरू! पाइनच्या सुया झुपक्याने येतात, जपानी ब्लॅक पाइनच्या दोन-दोन, व्हाइटच्या पाच-पाच. सुरूची 'सुई' म्हणजे पान नव्हेच, हिरवी काडी. तिला बारीक बारीक सांधे असतात आणि प्रत्येक सांध्याभोवती सात-आठ दातऱ्या. ती खरी पानं. हलकेच ओढलं की काडी सांध्यातून सुटते.
पांढरी फांदी मुद्दाम केलेली असते. साल सोलून लाइम सल्फर (चुना-गंधकाचं द्रावण) लावतात. तिला 'जिन' म्हणतात. एका अंगाला झुकवण्याच्या शैलीला 'फुकिनागाशी'.

गच्चीवाली
अहो, माझं माहेर मुरुड-जंजिऱ्याचं! शाळेतून येताना सुरूची काडी सांध्यात मोडून परत जोडायची आणि समोरच्याने कुठे मोडलीय ते ओळखायचं, पैज लिमलेटच्या गोळीची. मी भरपूर गोळ्या जिंकल्यात. आणि परवा हातभर अंतरावरून त्याच झाडाला "वा, पाइन!" म्हणून आले.
सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.