पुलाखाली तंगूस का तुटतो
वाशी खाडीपुलाखाली गळाने मासे धरताना तंगूस (गळाचा नायलॉन दोरा) सारखा तुटतो, म्हणून शिसं, म्हणजे दोरा बुडवणारं वजन, वाढवायचा सल्ला कुणीतरी दिलाय. त्याने उलट जास्त तुटेल. खरा दोष पुलाच्या खांबांना चिकटलेल्या कालवांचा (शिंपल्यांचा). त्यांची धार पातळ तंगूस एका घासणीत कापते. मुख्य तंगूस ०.४० मिमी चालेल, पण गळाकडचा एक-दीड मीटर ०.७० मिमी हवाच. शिसं वेगळ्या, कच्च्या दोऱ्याने बांधा. अडकलं तर तेवढंच जातं, गळ आणि मासा वाचतो.

शिशाचं वजन तिथीवर ठरवा. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असतो तेव्हा, ४०-५० ग्रॅम पुरतं. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला १०० ग्रॅमही वाहून जातं, म्हणून नवख्यांनी भांगच धरावा. भरतीचे शेवटचे दोन तास उत्तम. आमिष खांबाच्या मागे, जिथे ओढ मंदावते तिथे पडू द्या. जिताडा हा खाडीतला शिकारी मासा तिथेच दबा धरतो. जिवंत कोळंबी शेपटीजवळून ओवा, जास्त वेळ तगते. मासा लागताच रॉड आडवा करून खांबापासून दूर ओढा, तंगूस सैल पडला की मासा खांबाला वळसा घालतोच.

पुलावर मात्र उभं राहू नका, वाहनं भरधाव असतात. काठ किंवा जेट्टी बरी. आणि शिंगाळा (काटेरी मिशाळ मासा) आला तर पक्कडीनेच सोडवा, काटे विषारी असतात.