ब्लीच मारून बुरशी जाते का? घरीच काढावी की माणसं बोलवावीत?

ओलशोधक: भिंतीवर काळे ठिपके दिसले की ठरलेला सल्ला मिळतो, ‘ब्लीच मारा आणि वरून बुरशीरोधक रंग द्या.’ हा सल्ला थांबायला हवा. काच, ग्लेझ टाइल यांवर ब्लीच चालतं, कारण त्या काही शोषत नाहीत. गिलावा, जिप्सम बोर्ड आणि प्लायवूड यांचं तसं नाही. तिथे क्लोरीनचा जोर वरच्या वर संपतो आणि पाणी तेवढं आत मुरतं, म्हणजे आतल्या बुरशीच्या तंतूंना आपणच पाणी घालतो. डाग फिका पडतो, काही आठवड्यांत पुन्हा उमटतो. शिवाय मेलेल्या बुरशीनेही ॲलर्जी होते. ती नुसती मारून भागत नाही, घराबाहेर गेली पाहिजे. म्हणून माझं मत, हे काम जाणकारांकडेच द्यावं.

साबणपाणी: ब्लीचबद्दल मान्य. पण कोपऱ्यातल्या वीतभर डागासाठी कशाला कुणाला बोलवायचं? अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या मार्गदर्शनातही साधारण १० चौरस फुटांपर्यंतचं काम बहुतेकांना स्वतः करता येतं असं म्हटलंय. एन-९५ मास्क, रबरी हातमोजे आणि हवेची भोकं नसलेला गॉगल घाला. खोलीचं दार लावा, पंखा बंद ठेवा. डागावर आधी साबणपाणी फवारा. कोरडं खरवडलं तर बीजाणू खोलीभर उडतात, आणि सगळ्यात जास्त चूक इथेच होते. मग घासा, ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका आणि जागा पूर्ण वाळवा. ब्लीच वापरायचंच असेल तर त्यात अमोनिया किंवा ॲसिडवालं क्लीनर कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो.

ओलशोधक: दिसतो तो डाग वीतभर, पण बोर्डाच्या मागे किती आहे? जिप्सम बोर्डाचा कागद हे बुरशीचं खाद्यच आहे. अंगठ्याने दाबून बोर्ड मऊ लागला तर घासण्यात अर्थ नाही, तो कापूनच काढावा लागतो. कापायचा म्हणजे खोली ६ मिल (सुमारे ०.१५ मिलिमीटर) जाडीच्या प्लॅस्टिकने बंद करायची, हेपा फिल्टरच्या (अगदी बारीक कणही अडवणाऱ्या) यंत्राने हवा बाहेर ओढून आत दाब कमी ठेवायचा आणि कचरा आतच पिशव्यांत बांधायचा. घरगुती व्हॅक्यूम क्लीनर वापरला तर तो बारीक बीजाणू मागच्या बाजूने परत खोलीत फेकतो. आणि घरात दम्याचा रुग्ण असेल किंवा कुणाची केमोथेरपी चालू असेल, तर डाग लहान असला तरी त्या माणसाला कामापासून लांबच ठेवा. प्रतिकारशक्ती खालावलेली असेल तर ॲस्परजिलस या बुरशीचा संसर्ग थेट फुप्फुसात होऊ शकतो.

साबणपाणी: हे पटलं. पण ‘जाणकार’ म्हणून येणारे सगळेच असं काम करत नाहीत. नुसता धूर किंवा ओझोन सोडून जाणारेही आहेत. त्याने बुरशी जागची हलत नाही, आणि ओझोन फुप्फुसाला घातक. आलेल्या माणसाने पहिला प्रश्न ‘पाणी कुठून येतंय?’ हा विचारला नाही, तर त्याला काम देऊ नका. काळी बुरशी म्हणजे विषारीच, असं सांगून घाबरवणाऱ्यालाही नको. रंगावरून जात ओळखता येत नाही, आणि काढायची पद्धत बहुधा तीच राहते.

कोरडीभिंत: तुम्ही दोघं काढण्यावर भांडताय, पण खरा मुद्दा पाण्याचाच आहे. दीड फूट चौरस पारदर्शक प्लॅस्टिक भिंतीवर ठेवून चारही कडा टेपने घट्ट चिकटवा आणि दिवसभर राहू द्या. थेंब प्लॅस्टिकच्या आत, भिंतीकडे जमले तर ओल भिंतीतून येतेय. मग पाइप, वरची गच्ची, बाहेरच्या भेगा तपासा. थेंब खोलीच्या बाजूला आले तर थंड भिंतीवर खोलीतली वाफ जमतेय. तिथे एक्झॉस्ट फॅन लावा, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा आणि आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली ठेवा, ३० ते ५० असेल तर उत्तम. पुढे कधी पाणी सांडलं किंवा गळलं तर २४ ते ४८ तासांत ती जागा कोरडी करा. आणि प्लॅस्टिकच्या आत थेंब येतायत तोवर रंगाचा डबा उघडू नका.