मदत हवी आहे: तीन गोळ्या चालू, तरी आईचं बीपी १६०च्या खाली येत नाही

आई ६१ वर्षांची, आम्ही सांगलीत राहतो. टेल्मिसार्टन ८०, अ‍ॅम्लोडिपिन १० आणि लघवीची गोळी क्लोरथॅलिडोन, तिन्ही वर्षभर नियमित. डबी मीच भरते, त्यामुळे चुकवण्याचा प्रश्नच नाही. दवाखान्यात धास्तीने वाढत असेल म्हणून घरी दंडाच्या मशीनवर आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजलं, १६०/९५च्या आसपासच.

लोणचं-पापड बंद केलंय (भांडून!). पण परवा कळलं की गुडघ्यांसाठी ती मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणून गुपचूप घेत होती. त्यानेही बीपी चढतं म्हणे. तीही बंद करून तीन आठवडे झाले, फरक नाही.

रिपोर्टमध्ये पोटॅशियम ३.१. डॉक्टर म्हणाले, लघवीच्या गोळीने कमी होतं, पण अ‍ॅल्डोस्टेरॉन-रेनिन तपासणीही (बीपीशी संबंधित हार्मोन्सची रक्ततपासणी) करून घ्या. कोणाच्या घरी ही केली आहे का? रक्त देण्याआधी कोणत्या गोळ्या थांबवायला सांगितल्या होत्या? आई रात्री जोरात घोरते, त्यासाठी झोपेची तपासणीही करावी का?

सांगली-मिरज किंवा कोल्हापुरात एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे (हार्मोन्सच्या डॉक्टरांकडे) जावं की किडनीच्या डॉक्टरांकडे? लसूण-मेथीचे उपाय कृपया नकोत, ते सगळे करून झाले.