स्तन लहान करण्याच्या शस्त्रक्रियेनंतरचे वण: किती थांबावे आणि काय लावावे?

अबोली
नमस्कार. माझे वय ३४ असून पाच महिन्यांपूर्वी माझी स्तनांचा आकार कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली. मानेचे दुखणे थांबले, पावसाळ्यात स्तनांखाली हमखास उठणारे पुरळही बंद झाले, त्यामुळे निर्णयाचा पश्चात्ताप मुळीच नाही. प्रश्न वणांचा आहे. स्तनाग्राभोवती गोल, तेथून सरळ खाली आणि मग स्तनाखालच्या घडीतून आडवा, असा उलट्या ‘टी’सारखा छेद घेतला होता. गोल आणि उभा वण सपाट आहेत. मात्र आडव्या वणाची छातीच्या मधल्या हाडाकडची टोके लालसर तपकिरी, टणक आणि उंच झाली आहेत, आणि घाम आला की तेथे फार खाज सुटते. सर्जन वर्षभर धीर धरा म्हणतात, आई हळद-तूप लावायला सांगते, आणि मैत्रीण ‘ई’ जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल फोडून चोळ म्हणते. नेमके काय करावे?

प्राजक्ता
अबोलीताई, माझी हीच शस्त्रक्रिया चार वर्षांपूर्वी झाली. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात माझे वण इतके लाल होते की आरशासमोर उभे राहणे मी टाळत असे. दीड वर्षानंतर ते फिकट रेघांइतके उरले. मी सिलिकॉनची पट्टी वापरली. जखम पूर्ण भरून खपली पडल्यावरच ती सुरू करायची, दिवसातून किमान १२ तास ठेवायची, सौम्य साबणाने धुऊन पुन्हा लावायची, आणि हे निदान तीन महिने नेमाने करायचे. उन्हाळ्यात पट्टीखाली घामोळे येऊ लागले तेव्हा मी दिवसा सिलिकॉनचे जेल आणि रात्री पट्टी अशी विभागणी केली. जेल अगदी पातळ लावून पूर्ण वाळू द्यावे, नाहीतर ते सगळे कपड्याला जाते. ‘ई’ जीवनसत्त्वाच्या तेलाने मात्र माझ्या अंगावर पुरळ उठले आणि ते बंद करावे लागले.

शेवंती
मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. न पाहता निदान करता येत नाही, हे गृहीत धरून वाचावे. थांबण्याचा सल्ला सामान्य वणाला लागू पडतो, कारण वण पक्व व्हायला १२ ते १८ महिने लागतात आणि पहिले काही महिने तो लाल व कडक असणे स्वाभाविक आहे. तुम्ही वर्णन केलेली टोके मात्र वेगळी पाहावी लागतील. उंच झालेला वण मूळ छेदाच्या हद्दीतच राहिला असेल तर तो बहुधा हायपरट्रॉफिक वण असतो आणि कालांतराने बसण्याची शक्यता असते. तो छेदाची रेघ ओलांडून शेजारच्या निरोगी त्वचेवर पसरू लागला असेल तर ते केलॉइड असू शकते, आणि ते सहसा आपोआप जात नाही. छातीच्या मधल्या हाडावरची त्वचा केलॉइडसाठी कुप्रसिद्ध आहे, शिवाय सावळ्या त्वचेत त्याची प्रवृत्ती अधिक दिसते. कान टोचल्यावर पाळीवर कधी गाठ आली होती का? घरात आई, भावंडे यांना असा त्रास आहे का?

अबोली
हो, डाव्या कानाच्या वरच्या भागाला दुसऱ्यांदा टोचले तेव्हा वाटाण्याएवढी गाठ आली, ती अजून आहे. शस्त्रक्रियेपूर्वी हे सांगायला हवे, असे मला सुचलेच नाही. आणि ही टोके छेदाच्या रेघेबाहेर किंचित पसरल्यासारखी वाटतात.

शेवंती
मग वर्ष पुरे होण्याची वाट न पाहता त्वचारोगतज्ज्ञाला किंवा सर्जनला दाखवा आणि कानाची गोष्ट आधी सांगा. अशा वणात ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडची इंजेक्शने चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने थेट वणाच्या आत देतात. कधी त्यासोबत ५-फ्लुरोयुरॅसिल हे पेशींची वाढ रोखणारे औषधही वापरतात. इंजेक्शन दुखते, आणि त्वचा पातळ होणे किंवा पांढरा डाग पडणे हे त्याचे तोटे आहेत, म्हणून मात्रा जपून ठरवावी लागते. तुम्ही गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर तेही आधी सांगा. नुसते कापून काढल्यास केलॉइड पुन्हा, आणि अनेकदा अधिक मोठे, येते. पुन्हा शस्त्रक्रिया करायचीच असेल तर सोबत इंजेक्शने किंवा किरणोपचारासारखा दुसरा उपाय लागतो, आणि स्तनाजवळ किरणोपचाराचा निर्णय फार विचारपूर्वक घेतात. लाली कमी करायला लेझर उपयोगी पडतो. सावळ्या त्वचेवर मात्र त्यानेच काळे डाग पडू शकतात, म्हणून जाहिरात पाहून तो करून घेऊ नये. हळद-तुपाने केलॉइड बसत नाही, आणि हळदीचा पिवळेपणा लालीवर पडला की तपासणाऱ्यालाही अडचण होते. सपाट वणांवर सिलिकॉन वापरा.

जुई
एक व्यावहारिक गोष्ट. ब्लाउजची खालची पट्टी आणि तारेची ब्रा नेमकी घडीतल्या वणावर घासते. माझ्या शिंप्याने पट्टी अर्धा इंच खाली नेऊन आतून मऊ सुती अस्तर लावले, तेव्हा खाज निम्म्यावर आली. उंच टोकांना चोळून मालिश मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

अबोली
सर्वांचे आभार. सोमवारची वेळ घेतली आहे. आईला मी काय सांगणार, ते मात्र अजून ठरायचे आहे.