नाटकात होतो, पण स्टेजवर नव्हतो: तालमीतल्या बॅकस्टेजचे अनुभव लिहा

'कॉलेजात असताना नाटकात होते' असं म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: कोणती भूमिका? 'बॅकस्टेज' असं सांगितलं की समोरचा 'अच्छा' म्हणतो आणि विषय बदलतो. म्हणून हा विषय मुद्दाम काढतेय. ज्यांनी लेव्हली (रंगमंचावर मांडायचे चौथरे) उचलल्या, टेप चिकटवले, टाके घातले, लाइटच्या बोर्डावर बसून जांभया गिळल्या, त्यांनी लिहा. शक्यतो प्रयोगाच्या रात्रीचं नको, ते सगळेच सांगतात. तालमींचं लिहा.

सुरुवात माझ्यापासून. मी प्रॉम्प्टर होते, म्हणजे नट वाक्य विसरला की हळूच सांगणारी.

पहिल्या दिवशी दिग्दर्शकाने संहितेचा गठ्ठा हातात दिला. कागदाच्या एकाच बाजूला छापलेला, समोरची बाजू कोरी. त्या कोऱ्या बाजूवर हालचाली लिहायच्या, त्याही पेन्सिलीने. कारण आज दारातून आलेला माणूस उद्या खिडकीतून येतो. (दिग्दर्शकाला रात्री काहीतरी सुचलेलं असतं.) मी पहिला आठवडा सगळं उलटं लिहिलं. रंगमंचावर डावं-उजवं नटाचं धरतात, म्हणजे प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या माणसाचं. मी समोर बसून माझं डावं लिहीत होते. आठव्या दिवशी दिग्दर्शक आजारी पडला, माझ्या प्रतीवरून तालीम घेतली गेली आणि दोन पात्रं एकमेकांवर आदळली.

पण खरी पंचाईत वेगळीच होती. आमच्या नाटकातला मुलगा वडिलांचं पत्र वाचतो आणि गप्प होतो. मला वाटलं, विसरला. मी वाक्य दिलं. तो मान न वळवता म्हणाला, "आठवतंय मला." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मी तोंड मिटून बसले, आणि नेमका त्या दिवशी तो खरंच विसरला होता. तेव्हापासून मी संहितेत बघणं कमी केलं आणि त्याच्याकडे बघायला लागले. थांबलेला असला की त्याचा श्वास चालू असायचा, नजर पत्रावर असायची. विसरला की श्वास अडकायचा आणि अंगठा कागदाची कड घासायला लागायचा. त्या जागी मी एक वर्तुळ काढलं आणि आत ४ लिहिलं. मनात चार मोजायचे, मग अंगठा बघायचा. रंगीत तालमीपर्यंत चार खोडून सात झाले होते.

आणखी एक. प्रॉम्प्ट देताना अख्खं वाक्य द्यायचं नसतं, दोन शब्द पुरतात. पण ते त्या वाक्याचेच असावे लागतात. 'पण मी' देऊन काही उपयोग नाही, आमच्या नाटकात निम्मी वाक्यं 'पण मी'नेच सुरू व्हायची.

बोला आता.

*

प्रॉपर्टीवाला

पत्रावरून आठवलं. आमच्याकडेही पत्र होतं, पण नायिका ते वाचून फाडायची. रोज. सुरुवातीला मी कोरा कागद द्यायचो. दिग्दर्शिका वैतागली. कोऱ्या कागदावर डोळे ओळी पकडत नाहीत, नुसते तरंगतात, आणि हे म्हणे मागच्या रांगेतूनही कळतं. मग मी पत्र खरंच लिहिलं. भावाचं बहिणीला, दोन्ही बाजूंनी भरून. ते फाटलं. दुसरं लिहिलं, तेही फाटलं. झेरॉक्स काढता आली असती, पण काळ्या शाईची झेरॉक्स हाताने लिहिल्यासारखी दिसत नाही, आणि खरं सांगायचं तर तोवर मला मजा यायला लागली होती. तेच तेच लिहून कंटाळा आला म्हणून मी बारीकसारीक बातम्या घालायला लागलो. घरच्या कुत्र्याचा पाय दुखावलाय. शेजारच्यांनी रेडिओ मोठा लावलाय. वगैरे.

चार-पाच दिवसांनी तालीम संपल्यावर ती प्रॉपर्टीच्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, "कुत्र्याचं काय झालं? दोन दिवस काहीच नाही."

एकूण एकवीस पत्रं झाली. प्रयोगाच्या दिवशी मी तिला विचारलं, यातलं कोणतं देऊ? ती म्हणाली, मी न वाचलेलं. मग तिसऱ्या घंटेच्या आधी मेकअपच्या खोलीत बसून बाविसावं लिहिलं. त्यात काय लिहिलं होतं ते इथे सांगणार नाही.

नवीन मुलांना कामाची गोष्ट सांगतो. टेबलावर मोठा कागद पसरा, प्रत्येक वस्तू त्यावर ठेवून पेनाने तिची कड आखून घ्या आणि आत नाव लिहा. अंधारात यादी वाचता येत नाही, पण रिकामी आकृती चटकन दिसते. कंदिलाच्या आकृतीवर कंदील नाही म्हणजे तो कुणीतरी दुसऱ्या विंगेत नेऊन ठेवलाय. आणि सूटकेस रिकामी देऊ नका. रिकामी सूटकेस 'जड आहे' असं दाखवून उचलणारा नट हमखास खांदा वाकडा करतो आणि बॅग मात्र हवेत तरंगत जाते. रद्दी भरा, शिव्या खा, पण दुसऱ्या तालमीपासूनच भरा.

*

कपडेपट (इच्छा नसताना)

मला लाइट करायचे होते. "शिवता येतं ना तुला?" असं विचारलं गेलं. येत नव्हतं. माझ्यासोबत आलेल्या मुलाला कुणी विचारलं नाही की तुला वायर सोलता येते का, त्याला थेट बोर्डावर बसवलं. त्यालाही येत नव्हतं, हे नंतर कळलं. बॅकस्टेजच्या गोड आठवणी काढताना हेही लिहायला हवं असं मला वाटतं. मुली कपड्यांना आणि मुलगे लेव्हलींना, ही वाटणी कोण करतं कुणास ठाऊक, पण पहिल्याच तालमीला ती झालेली असते.

तरी एक गोष्ट शिकले. एका पात्राला विंगेत चाळीस सेकंदांत सदरा बदलायचा होता. मी बटणं पुढून नुसती शोभेला लावली आणि आतून वेल्क्रो शिवलं. वेळेत झालं, मी खूश. पण बाहेर त्या वेळी शांत प्रवेश चालू होता, आणि वेल्क्रो सुटल्याचा 'चर्रर्र' असा आवाज पार शेवटच्या रांगेत पोहोचला. रात्री बसून सगळं उसवलं आणि टिचबटणं लावली. तीही 'टक' वाजतात, पण ते लपतं. शिवाय बूट तालमीला पहिल्या आठवड्यापासून द्या. चपलेत चालणारा माणूस आणि बुटात चालणारा माणूस ही दोन वेगळी पात्रं असतात.

तिसऱ्या वर्षी मी बोर्डावर बसले. मागून घेतलं.

*

लाइट

वायर सोलता न येणारा मुलगा मी नव्हे, पण तसाच एक. माझी चूक ऐका. तालमीच्या हॉलमध्ये लाइट लावून बघू, असा उत्साह आला. हजार वॅटचे पार लॅम्प (स्टेजचे मोठे दिवे), एका सॉकेटवरून बोर्ड काढला आणि एकेक जोडत गेलो. तीन पेटले. चौथा पेटला. सहाव्यापर्यंत पोहोचलो, सगळे झकास पेटले. मी मागे वळून दिग्दर्शकाला "बघा" म्हणालो. मिनिटभराने अख्खा मजला अंधारात.

हिशोब नंतर एका वायरमनने समजावला. सहा हजार वॅट भागिले २३० व्होल्ट, म्हणजे २६ अँपिअर. सर्किट होतं १६ चं. एमसीबी, म्हणजे भार वाढला की वीज तोडणारा खटका, थोडा जास्त भार लगेच तोडत नाही, तो तापतो आणि मग पडतो. म्हणून 'पेटलं म्हणजे चालतंय' असं समजायचं नाही. खरं तर तीनलाच थांबायला हवं होतं. चौथ्याला आकडा १७ च्या वर जातो. एमसीबी कदाचित पडणारही नाही, आणि तेच वाईट, कारण तेव्हा वायर तापत बसते. गुंडाळलेली एक्स्टेंशन तर पूर्ण उलगडून पसरा, वेटोळ्यात उष्णता अडकते.

आणि ब्लॅकआउट. दिवा बंद केला की हॅलोजनची तार क्षणभर लालसर राहते, काळोख हलकेच उतरतो. एलईडी तसं करत नाही, कापल्यासारखा जातो. आम्ही तालमी जुन्या दिव्यांवर केल्या आणि प्रयोगाच्या थिएटरात एलईडी निघाले. शेवटच्या वाक्याचं शेवटचं अक्षर अंधारात गेलं. तांत्रिक तालमीतच हे कळलं म्हणून निभावलं. क्यू, म्हणजे दिवे घालवायचा इशारा, अर्ध्या सेकंदाने उशिरा केला.

ब्लॅकआउटमध्ये सामान हलवणाऱ्यांना एक युक्ती सांगतो. डोळे अंधाराला पुरते सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, आपल्याकडे असतात आठ सेकंद. म्हणून विंगेत उभं असताना ब्लॅकआउटच्या आधी थोडा वेळ एक डोळा घट्ट मिटून ठेवायचा. काळोख झाला की तो उघडायचा. बाकीचे चाचपडत असतात तेव्हा तुम्हाला खुर्चीची पाठ दिसते. पहिल्यांदा केलं तेव्हा नायिकेला वाटलं मी तिला डोळा मारतोय. त्यावर वेगळी बैठक झाली.

*

प्रॉम्प्टर पुन्हा

त्या बैठकीचं सविस्तर लिहा ना.

*

लाइट

नाही.

*

साउंड

आमच्या नाटकात टेलिफोन पाच वेळा वाजायचा. रेकॉर्डिंग तयार नव्हतं, म्हणून महिनाभर मी कोपऱ्यात बसून तोंडाने "ट्रिंग ट्रिंग... ट्रिंग ट्रिंग" करायचो. लोक हसायचे, मग हसायचे बंद झाले, मग तो आवाज खराच फोन होऊन बसला. रंगीत तालमीच्या दोन दिवस आधी रेकॉर्डिंग आलं. उत्तम, खणखणीत. आणि प्रवेश कोसळला! माझ्या दोन ट्रिंगांच्या मधल्या जागेत नट एक वाक्य बसवत होता, आणि रेकॉर्डिंगमध्ये ती जागा निम्मीच होती. त्याचं वाक्य दर वेळी घंटेखाली चिरडलं जायचं. शेवटी रेकॉर्डिंग कापून माझ्या तोंडच्या लयीवर बसवलं. त्या रात्री माझ्या हाताखाली एक मुलगी घड्याळ धरून बसली होती आणि मी ट्रिंग ट्रिंग करत होतो. शेवटच्या वेळचं.

फोनचा क्यू संहितेत बघून देऊ नका. रिसीव्हरकडे जाणाऱ्या हाताकडे बघा. हात पोहोचला आणि घंटा चालूच राहिली, तर पुढची पाच मिनिटं प्रेक्षक तेवढंच लक्षात ठेवतात.

*

कुणाच्याही जागी उभी राहणारी

माझं काम म्हणजे जो आला नसेल त्याच्या जागी उभं राहायचं. वाक्यं वाचायची, पण अभिनय करायचा नाही. हे ऐकायला सोपं आहे. पहिल्या दिवशी मी आजोबांची वाक्यं जरा रंगवून वाचली, तेव्हा दिग्दर्शकाने बाजूला घेऊन सांगितलं, "समोरचा तुझ्या आजोबांना उत्तर द्यायला शिकेल, आणि उद्या खरे आजोबा येतील." मग सपाट वाचायला शिकले. जागा मात्र अचूक धरायच्या, कारण समोरच्याची नजर तिथेच पडणार. दोन महिन्यांत मी म्हातारा, पोलीस, मोलकरीण आणि एक झाड झाले. नाही, शेवटच्या दिवशी कुणी आजारी पडलं नाही आणि मला भूमिका मिळाली नाही. सगळे हेच विचारतात.

*

टेप

मी जमिनीवर घर काढायचो. नेपथ्याचा आराखडा १:५० चा, म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर पाच सेंटिमीटर. जाड पेन्सिलीने मोजलं की अर्धी पायरी इकडची तिकडे. मधली रेषा आधी आखायची, मग प्रत्येक कोपरा तिच्यापासून मोजायचा. भिंत निळ्या टेपची, फर्निचरचे कोपरे पिवळ्या. लोक पहिले चार दिवस भिंतीतून आरपार जातात. मी बसल्या जागेवरून "भिंत!" ओरडायचो. पाचव्या दिवसापासून ते आपोआप वळसा घालायला लागले, आणि गंमत म्हणजे मधल्या सुट्टीत पाणी प्यायला जातानाही दारातूनच जायचे.

दारावरूनच फजिती झाली. टेपच्या दारात मोकळी जागा असते, पल्ला नसतो. तो आत उघडतो की बाहेर, बिजागरी कुठल्या बाजूला, हे कुणी ठरवलंच नव्हतं. नेपथ्य उभं राहिलं, नायक चिडून दार ढकलून निघाला आणि दार ढकललं जाईना, ते ओढायचं होतं. आता मी टेपवर दाराची कमानही काढतो, नकाशात काढतात तशी पाव वर्तुळाची.

प्रयोगानंतर दोन दिवसांनी टेप काढायला हॉलवर गेलो. तिथे दुसऱ्या गटाची तालीम चालू होती, आमच्या निळ्यावर त्यांनी पांढरा चिकटवला होता. आमच्या स्वयंपाकघरातून त्यांचा रस्ता जात होता. त्यांचा टेपवाला पोरगा जमिनीवर बसूनच म्हणाला, "दादा, निळा तुमचा ना? काढताय ना? आमचे लोक तुमच्या भिंतीला अडतात."

काढला. खालचा चिकटा राहिला. तो तेलाच्या बोळ्याने निघतो, पण मग फरशी निसरडी होते, म्हणून वरून साबणाच्या पाण्याने पुसून घ्या. मी पुसली नव्हती. त्यांच्या नायकाला विचारा.