सर्व्हरवरच्या मतदानाचे नियम कसे असावेत? सल्ला हवा

माळरान
नमस्कार मंडळी. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये आम्ही मित्रांनी माइनक्राफ्टचा (ठोकळ्यांनी जग बांधायचा गेम) सर्व्हर सुरू केला. आज १३२ जण आहेत. बरेचसे पुणे, नाशिक, कोल्हापूरकडचे, बाकी दुबई, जर्मनी, न्यू जर्सीत. मालक कोणी नाही. भाडं वर्गणीतून जातं आणि मोठे निर्णय मतदानाने होतात.

गेल्या महिन्यात जग रीसेट करायचं का, म्हणजे पुसून नव्याने सुरू करायचं का, यावर डिस्कॉर्डवर (आमच्या चॅट ॲपवर) पोल घेतला. रविवारी सकाळी १० ते दुपारी ४. पूर्ण रीसेट २६, फक्त खाणींचा भाग रीसेट १६, काहीच नको १९. जास्त मतं पूर्ण रीसेटला म्हणून त्याच संध्याकाळी जग पुसलं. तिकडे न्यू जर्सीत पोलच्या वेळी रात्रीचे साडेबारा ते पहाटेचे साडेसहा. तिथल्या एका सदस्याने दोन वर्षं खपून रायगड बांधला होता. त्याला पोल झाल्याचंही सकाळी कळलं.

बॅकअप होता, जग परत आणलं. तो सदस्य अजून आलेला नाही. मतदान पुन्हा घ्यायचंय, पण आधी नियम लिहून काढू म्हणतो. काय काय असावं त्यात?

तिठा
सगळ्यात आधी आकडेच बघा. ६१ पैकी ३५ जणांना पूर्ण रीसेट नको होतं आणि तरी तेच झालं. विरोधातली मतं दोन पर्यायांत फुटली. दोनाहून जास्त पर्याय असले की पसंतीक्रम घ्या: १, २, ३. ईव्ह ऑनलाइन या गेममध्ये खेळाडूंचं एक निवडून आलेलं मंडळ २००८पासून आहे, त्याची निवडणूक २०१३पासून पसंतीक्रमाने होते. तळाचा उमेदवार बाद झाला की त्याची मतं पुढच्या पसंतीला जातात.

ओंजळ
तिठा, पसंतीक्रमाशी सहमत, पण तळाचा पर्याय बाद करण्याशी नाही. माळरान यांच्या पोलमध्ये तळाला आहे ‘फक्त खाणी’. तोच आधी बाद होईल. आता जोड्या लावून बघा. ‘काहीच नको’वाले १९ जण पूर्ण रीसेटपेक्षा खाणींचा रीसेट पत्करतील: ३५ विरुद्ध २६. पूर्ण रीसेटवाले २६ जणही काहीच न होण्यापेक्षा खाणी घेतील: ४२ विरुद्ध १९. म्हणजे ज्याला पहिली पसंती सगळ्यात कमी, तोच बहुतेकांना चालणारा तोडगा. तेव्हा प्रत्येक दोन पर्यायांची आमनेसामने मोजणी करा, दोन्ही लढती जिंकेल तो पर्याय घ्या. फ्रान्सच्या काँदोर्सेने अठराव्या शतकात मांडलेली पद्धत आहे, डेबियनवाले (स्वयंसेवकांनी चालवलेली संगणक प्रणाली) आजही मतदानाला तिचंच एक रूप वापरतात. तीन पर्यायांची मोजणी वहीवरही होते.

जुनीविहीर
मी सोसायटीची सेक्रेटरी होते, गेमिंगमधलं कळत नाही, पण भांडणं निकालावर कमी आणि यादीवर जास्त होतात हे पाहिलंय. मत कुणाला आहे ते पोल जाहीर होण्याआधी ठरवा. उदाहरणार्थ, ६० दिवस जुना सदस्य आणि गेल्या महिन्यात निदान एकदा खेळलेला. यादी लावा, हरकतींना तीन दिवस द्या, मग ती गोठवा. पोल सुरू झाल्यावर आलेल्याला पुढच्या वेळी मत. प्रश्न लिहिणारा आणि मतं मोजणारा वेगळा हवा. आणि पोल सहा तासांचा? न्यू जर्सीतल्या मुलाने झोपेतून उठून मत द्यायचं का? सात दिवस ठेवा, म्हणजे प्रत्येकाला एक सुट्टी मिळते.

वाफसा
डिस्कॉर्डच्या पोलमध्ये कोणी कशाला मत दिलं ते सगळ्यांना दिसतं, आकडेही चालू असताना दिसतात. नवी मुलं ॲडमिनचं मत बघून दाबतात, हे आमच्याकडे झालंय. फॉर्म वापरा, आकडे शेवटी उघडा. फॉर्मला एकदाच चालणारा कोड द्या, नाहीतर डुआयडी (एकाच माणसाची दुसरी खाती) घुसतात.

तिठा
ओंजळ, पटलं. त्या जोड्या मी लावूनच पाहिल्या नव्हत्या. अजून एक: जे परत फिरवता येत नाही त्याला साधं बहुमत पुरू नये. ओल्ड स्कूल रुनस्केप या गेममध्ये नव्या गोष्टी खेळाडूंच्या मताने येतात. तिथे आधी ७५ टक्के लागायचे, २०२२मध्ये ते ७० केले. तुम्ही पुसण्यापुरते दोन-तृतीयांश ठेवा, आणि तेवढे मिळाले नाहीत तर जग आहे तसं राहील हेही आधीच लिहा.

जुनीविहीर
तो आकडा पोल संपल्यावर बदलायचा नाही, हेही लिहा.

माळरान
सगळ्यांचे मनापासून आभार. ओंजळ, तुमच्या जोड्या ग्रुपवर टाकल्या, पूर्ण रीसेटवाल्या दोघांनी ‘खाणी चालतील’ असं लगेच लिहिलं. यादी उद्या लावतो. मोजणी दुबईच्या ताई करतील, त्यांनी गेल्या वेळी मतच दिलं नव्हतं. पुसायला दोन-तृतीयांश, मुदत सात दिवस, मत गुप्त.

एक अडलंय. रायगडवाला सदस्य महिनाभर खेळलेला नाही, त्यामुळे जुनीविहीर यांच्या नियमाने त्याला मत नाही.

जुनीविहीर
जग पुसलं गेल्यामुळे तो थांबला. तेव्हा हजेरी पुसण्याच्या दिवसाआधीच्या महिन्याची धरा, सगळ्यांसाठी तीच. आणि यादी लावायच्या आधी त्याला फोन करा.